रुमालाचं कोरडं वजन

२ जून

वहिनींना,
कंबर साथ देईल तितकं वाकून नमस्कार.

पाकीट बघून दादा म्हणेल, हा कधी नव्हे तो पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी मागत असणार. बरोबर आहे, मागतोच आहे. मला कपडे धुवायला शिकवा.

हसून झालं असेल तर पुढे वाचा. ही गेल्यापासून आठ महिने मी कपडे कोपऱ्यावरच्या लाँड्रीत देत होतो. एप्रिलात लाँड्रीवाल्याने दुकान बंद केलं आणि तो मुलीकडे राहायला गेला. घरात वॉशिंग मशीन आहे. ती हिने पसंत केलेली, हिनेच चालवलेली. मी आजवर फक्त तिच्यावर वर्तमानपत्र ठेवत आलो. मशीनवर 'सात किलो' असं लिहिलंय. तीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला सात किलो म्हणजे किती हे कुणी सांगायला नको. मी कपडे काट्यावर घातले. थोडं कमी भरत होतं, तेव्हा पायातले मोजे काढून टाकले, आणि बरोबर सात किलो मशीनमध्ये कोंबले. पावडरही डब्यावरच्या हिशेबाने ग्रॅमपर्यंत मोजून घातली. तरी शर्ट राखाडी निघतात, आणि टॉवेल भिंतीला टेकवला तर उभा राहतो.

गेल्या रविवारी चिरंजीव आले. त्यांनी तोंड धुतलं, टॉवेलने पुसलं आणि पुन्हा तोंड धुतलं. मग कपाट उघडून माझा एक शर्ट नाकाला लावला, आणि म्हणाले, "बाबा, तुमच्याने एकट्याने होत नाहीये." ऑगस्ट संपेपर्यंत घर नीट चाललं तर ठीक, नाहीतर मी त्यांच्याकडे राहायला जायचं. गॅरेजवर एक खोली आहे. नऊ बाय आठ. मी मागेच टेपने मोजली होती. एकच खिडकी, आणि तिच्यासमोर शेजाऱ्याची भिंत. मी जमवलेले तेवीस जुने तराजू तिथे मावणार नाहीत, आणि मावले तरी त्यांच्याकडे बघायला उजेड नाही.

मुलगा चांगला आहे, सूनबाई त्याहून चांगली आहे. मी तक्रार करत नाही. पण वहिनी, मला इथून जायचं नाही. ही अजून घरात वावरते वगैरे मी म्हणणार नाही, मी तसला माणूस नाही. तिने लावलेले कपड्यांचे चिमटे अजून बाल्कनीतल्या दोरीवर आहेत, आणि सकाळी चहा पिताना मला ते समोर लागतात. एवढंच आहे.

तुम्ही इस्पितळाच्या धुलाईखान्यात अठ्ठावीस वर्षं मुख्य होतात. दिवसाला आठशे चादरी. माझ्याकडे पाच शर्ट आहेत. तेवढे निभावून न्या.

तुमचा,
धाकटा दीर

*

९ जून

भाऊजींना,
भरपूर आशीर्वाद आणि थोडा ओरडा.

पत्र मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. पायातल्या मोज्यांपर्यंत आल्यावर यांना जी उचकी लागली ती दोन भांडी पाणी प्यायल्यावर थांबली. म्हणतात, हा शाळेत असताना दप्तराचंही वजन करायचा.

अहो, सात किलो म्हणजे तेवढ्याने मशीन मोडत नाही, इतकाच त्याचा अर्थ. कपडे स्वच्छ निघतील असं कुणी म्हटलंय? आत पाणी फिरायला जागा हवी, कपड्यांना उलटंपालटं व्हायला जागा हवी. भरून झाल्यावर वरून हात घाला. हात सैल वळला तर ठीक, नाहीतर बाहेर काढा. आणि पावडरीच्या डब्यावरची मात्रा पावडर विकणाऱ्याने लिहिलेली असते, तो काही तुमचा सासरा लागत नाही. निम्मी घाला, सोबत चमचाभर धुण्याचा सोडा, आणि विसळायचं बटण दोनदा दाबा. तुमचा टॉवेल उभा राहतोय तो आत अडकलेल्या साबणाच्या जोरावर.

पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, टॉवेल आणखी वेगळे. कॉलरला आधी हाताने साबण चोळून ठेवायचा. मशीनच्या खाली पुढच्या बाजूला एक झाकण असतं, ते फिरवून उघडा आणि आतली जाळी साफ करा. त्यात काय सापडलं ते मला कळवा, मला उत्सुकता आहे.

आणि तो काटा बाजूला ठेवा. कपडा हाताला कळतो. आमच्याकडे नव्या मुली यायच्या तेव्हा त्यांना मी पहिला महिना फक्त हात लावायला शिकवायचे.

आता महत्त्वाचं. तोंडी जबाब माझ्याकडे चालत नाही. दर पत्रासोबत तुम्ही स्वतः धुतलेला एक पांढरा रुमाल पाकिटात घालून पाठवा. मी तो उजेडात धरीन, नाकाला लावीन, ओढून बघीन. माणूस 'छान चाललंय' म्हणतो, रुमाल काय ते खरं सांगतो.

वहिनी

*

१८ जून

वहिनींना,
नमस्कार.

सोबत रुमाल क्रमांक एक. त्याच्याकडे मायेने बघा.

जाळी उघडली. आत एक बटण, हिची केसांची पिन, आणि बाकी जे होतं त्याला मराठीत शब्द नाही. पिन धुऊन ठेवली आहे. पावडर निम्मी केली, टॉवेल आता उभा राहत नाही, नुसता बसतो.

पण करायला गेलो एक आणि झालं भलतंच. कपाटामागे नीळ सापडली. ही दर खेपेला वापरायची म्हणून मीही घेतली. डब्यावर लिहिलं होतं 'थोडीशी'. वहिनी, 'थोडीशी' हे माप नाही. असं लिहिणाऱ्या दुकानदारांना मी नोटिसा बजावल्या आहेत. मी पाच ग्रॅम मोजली आणि थेट कपड्यांवर टाकली. पाचही शर्टांवर आता नकाशे उमटले आहेत. त्यातला एक शर्ट घालून मी ग्रंथालयात गेलो, तर तिथल्या बाईंनी न विचारता टिपकागद पुढे केला.

काटा बाजूला ठेवला आहे, तुम्ही सांगितलं म्हणून. हाताने बघतो. माझ्या हाताला प्रत्येक कपडा कपड्यासारखाच लागतो.

दीर

*

२५ जून

भाऊजींना,
आशीर्वाद.

रुमाल मिळाला. मायेने बघायला गेले, पण हाताला खरखरला. साबण अजून पुरता निघालेला नाही. कडा राखाडी आहेत, म्हणजे रंगीत कपड्यांबरोबर धुतलात; नाही म्हणू नका, एका टोकाला तपकिरी मोज्याचा धागा चिकटलेला आहे. वासाचं मी बोलत नाही, हे शेजारी बसले होते ते उठून गेले.

नकाशांवर उपाय आहे. गार पाण्यात वाटीभर व्हिनेगर घालून शर्ट दिवसभर बुडवून ठेवा, मग साधं धुवा. नीळ अशी वरून टाकतात का? बादलीभर पाण्यात चिमूटभर, फडक्यात बांधून हलवायची, पाण्याचा रंग सकाळच्या आभाळासारखा झाला की पुरे. मग कपडा एकदाच बुडवायचा आणि लगेच काढायचा. नीळ कपड्यावर थांबून राहिली की बसली.

आता वाळवण्याचं. निम्मी धुलाई दोरीवर होते, हे आमच्याकडे भिंतीवर लिहिलं होतं. कपडा झटकून टाकायचा, आवाज आला पाहिजे. शर्ट खालच्या घेराने उलटा टांगायचा, म्हणजे चिमट्यांच्या खुणा खांद्यावर पडत नाहीत. दोन कपड्यांत हातभर अंतर. घरात वाळवाल तर खिडकी उघडी, दार उघडं आणि पंखा चालू. दारं लावून हीटर लावलात की सगळं पाणी खोलीतच फिरत राहतं आणि परत कपड्यात शिरतं. तुम्ही तेच करताय, मला वासावरून कळलं.

कोरडं झालं का ते हाताच्या मागच्या बाजूने बघा. गार लागलं तर ओलं.

वहिनी

*

२७ जून

बाळा,
तुला खूप आशीर्वाद.

तुझं पत्र मिळून महिना होत आला. तू मला पंच केलंस आणि बाबांना सांगू नका म्हणालास. मी हो म्हटलं, पण त्यांचं पत्र आलं की मला चोरट्यासारखं वाटतं. ते भोळेपणाने धुणं विचारतात आणि मी आतून गुण मांडते.

धुणं हा बहाणा आहे हे तुला कळतं तसं मलाही कळतं. इस्पितळात मी पाहिलंय, एकट्या राहिलेल्या माणसाचं पहिलं सुटतं ते धुणं, मग जेवण, मग दार उघडणं. तुझी काळजी खोटी नाही. पण खोलीची घाई करू नकोस.

आजचा निकाल विचारलास तर नापास. ऑगस्टअखेरचा मला ठाऊक नाही. मला ते पास व्हायला हवे आहेत हे मी तुला उघड सांगून ठेवते, म्हणजे पुढे पंच फितूर होता म्हणायला नको.

काकू

*

१२ जुलै

वहिनींना,
नमस्कार.

रुमाल क्रमांक दोन सोबत आहे. नकाशे गेले. शर्ट पांढरे निघतात, अगदी पांढरे. सुरुवातीचा दिवसभर मी स्वतःवर खूश असतो.

आणि मग वास. नऊ दिवस पाऊस थांबलेला नाही. तराजूंच्या खोलीत दोरी बांधली, खिडकी उघडी, पंखा चालू, हातभर अंतर, सगळं तुमच्या शब्दाबरहुकूम. मोठ्या तराजूच्या दांडीवरही दोन शर्ट टांगले, दोन्ही पारड्यांवर सारखे. हाताच्या मागच्या बाजूने बघतो, कोरडे लागतात. घडी करून कपाटात ठेवतो. तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं की आतून तळघर बाहेर येतं. चार वेळा तेच झालं. धुतलेलं पुन्हा धुवायचं, पुन्हा टांगायचं. काल मी स्टुलावर बसलो आणि अर्धा तास नुसता बसून राहिलो.

चिरंजीवांचा फोन आला होता. मिस्त्री विचारतोय, गॅरेजवरच्या खोलीला रंग कोणता लावू. मी म्हटलं, मला काय विचारतोस. ते म्हणाले, "बाबा, राहायचंय कुणाला?"

वहिनी, मी फोन ठेवला आणि शर्ट पाचव्यांदा धुवायला टाकले.

दीर

*

१८ जुलै

भाऊजींना,
आशीर्वाद.

दुसरा रुमाल हाताला मऊ, डोळ्याला पांढरा. नाकाला मात्र नाही. तुम्ही कपडे अर्धवट ओले उचलताय. हाताने बघता म्हणता तर कळत कसं नाही, हेच मला कळत नाही. गालाला लावून बघा, गाल खोटं बोलत नाही.

खचू नका. पण एक सांगते, महिनाअखेर मला एक तरी रुमाल असा पाठवा की बोट ठेवायला जागा नको. का ते विचारू नका. लागेल मला.

वहिनी

*

२४ जुलै

वहिनींना,
नमस्कार.

सोबत रुमाल. तुम्ही सांगितलंत तसा धुतला. तुमच्या पसंतीस येईल असं वाटतं.

इकडे सर्व ठीक. दादाला नमस्कार.

दीर

*

३१ जुलै

भाऊजींना,
आशीर्वाद, नेहमीसारखेच.

तुमचं हे पत्र आलं तेव्हाच मला शंका आली. तुमच्या पत्रात एकही आकडा नाही. चार ओळी आणि एक ग्रॅम नाही, एक इंच नाही. मी यांना म्हटलं, भाऊजी आजारी आहेत की काय.

मग पाकिटातून रुमाल काढला. पांढरा, त्यावर निळाईची झाक, कडक नाही आणि ढिला नाही. घडी चौकोनी, आणि शेवटचा कोपरा आत खोचलेला, शिवण दिसू नये म्हणून. घडीच्या वर एका टोकाला चिमटीएवढा ठिपका जरासा जास्त पांढरा. तिथे धरून नीळपाण्यात बुडवला की बोटांखाली नीळ पोहोचत नाही, म्हणून तो राहतो. माझी धाकटी जाऊ नेहमी एकाच चिमटीत धरायची. मी तिला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, दोन हातांनी धरावं. तिने माझं सगळं ऐकलं, तेवढं ऐकलं नाही.

भाऊजी, हा तुम्ही धुतलेला नाही. हा तिने धुतलाय.

मी घडी मोडलेली नाही. जरा वेळ हातात घेऊन बसले, रडले, आणि यांच्याही हातात दिला. मग होता तसाच या पाकिटात घातला आहे. वर पुठ्ठा लावलाय, चुरगळणार नाही. ही वस्तू माझ्याकडे राहायची नाही.

रागावले नाहीये. पण तुम्ही एवढं का केलंत ते मला कळलं आणि वाईट वाटलं, कारण त्यात माझाही हात आहे. तुम्ही लपवलंत तसं मीही लपवलंय. तुमच्या मुलाने मे महिन्यातच मला पंच केलं. तुम्हाला एकट्याने जमतंय का ते मी तुमच्या पत्रांवरून आणि रुमालांवरून त्याला सांगायचं आहे. महिनाअखेर एक चांगला रुमाल पाठवा म्हणाले ते त्यासाठीच. मी घाई केली आणि तुम्हाला कोपऱ्यात ढकललं.

आता त्याला मी काय लिहू, ते तुम्हीच सांगा.

वहिनी

*

६ ऑगस्ट

वहिनींना,
नमस्कार. आज वाकायची लाज वाटते, म्हणून कागदावरच.

तुम्ही ओळखाल हे मला पाकीट पेटीत टाकतानाच कळलं होतं. पेटीत हात घालून ते परत काढता येतं का तेही मी पाहिलं. येत नाही.

ती जाण्याच्या आदल्या रविवारी तिने बारा रुमाल इस्त्री करून वरच्या खणात ठेवले. मी ते वापरले नाहीत. हट्ट होता असं नाही, रोज सकाळी खण उघडायचो, बघायचो आणि कालचाच रुमाल खिशात घालायचो. तुमचं 'एक तरी रुमाल' वाचलं, मिस्त्रीचा रंग आठवला, आणि सगळ्यात वरचा उचलला. तीस वर्षं मी लोकांच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण शोधलं. एका दुकानदाराने तर माझ्यासमोर रडून सांगितलं होतं की पोटासाठी केलं. मी म्हटलं, पोटासाठी सगळेच करतात, आणि दंड लावला. तो माणूस सध्या मला फार आठवतो.

तुम्ही मुलाला खरं तेच लिहा. खोटं माप सापडलं, असं लिहा.

पंच झाल्याबद्दल मात्र मी तुमच्यावर रागावणार होतो. दोन पानं रागाने लिहिली आणि फाडली, कारण मीही आयुष्यभर कुणाला आगाऊ कळवून तपासणीला गेलो नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुठ्ठ्यातून तिचा रुमाल काढला. घडी खरंच मोडली नव्हती. तो टेबलावर ठेवला, चष्मा काढला, आणि वहिनी, वर्षभरात जे झालं नव्हतं ते झालं. मी भडाभडा रडलो. नाक वाहायला लागलं, डोळ्यांना दिसेना, आणि हाताला जे पहिलं लागलं त्याने पुसलं. पुसून झाल्यावर बघतो तर तोच. घडी गेली, कोपरा गेला, सगळं गेलं. मग मला हसू यायला लागलं. ती असती तर म्हणाली असती, "अहो, रुमाल त्यासाठीच असतो."

आता तो धुवावाच लागणार. धुऊन झाल्यावर हे पत्र टाकतो.

पुढे, ११ ऑगस्ट.

तुमची आज्ञा मोडली. काटा परत काढला.

मला एक गोष्ट सुचली, ती तुम्ही हसाल म्हणून आधी बोललो नव्हतो. कपडा धुण्याआधी चांगला कोरडा असताना त्याचं वजन करून ठेवायचं. वाळल्यावर पुन्हा करायचं. पाणी अदृश्य होऊ शकतं, पण वजनातून सुटत नाही. शर्टांवर प्रयोग केला. एक शर्ट मुळात दोनशे बारा ग्रॅम. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाताला कोरडा, हाताच्या मागच्या बाजूला कोरडा, गालालाही कोरडा, आणि काट्यावर दोनशे तीस. अठरा ग्रॅम पाणी मी रोज कपाटात कोंडत होतो. तळघर तिथून येत होतं. आता दोनशे बारा भरल्याशिवाय एकही शर्ट कपाटात जात नाही. बाहेर धो धो पाऊस आहे आणि तिसरा दिवस उलटूनही कपाटाला वास नाही.

तिचा रुमाल: खणातल्या त्याच्या जोडीदाराच्या वजनावरून मुळात एकोणीस ग्रॅम. मी वापरल्यावर एकवीस. म्हणजे माझं रडणं दोन ग्रॅम भरलं, आवाजाच्या मानाने फारच कमी. साबण हाताने लावला, दोनदा विसळला, नीळ फडक्यात बांधून सकाळच्या आभाळाइतकी. एका चिमटीत धरून एकदाच बुडवला. दोन हातांनी धरावा असं तुम्ही म्हणता, पण या घरात ते चालत नाही. दोन दिवस वाळवला. काट्यावर एकोणीस. इस्त्री केली. कोपरा आत खोचायला अकरा प्रयत्न लागले.

सोबत पाठवतो आहे. यात मेण नाही.

दीर

*

१८ ऑगस्ट

भाऊजींना,
खूप खूप आशीर्वाद.

पाकिटातला रुमाल यांनी बाहेर काढला, कारण माझे हात ओले होते. ओले का होते ते ऐका. तुमचं पत्र चार दिवसांपूर्वीच येऊन पडलं होतं. ते वाचलं, आणि रुमाल पाकिटातच राहू दिला. आधी मला तुमची ती अठरा ग्रॅमची गोष्ट खोटी पाडायची होती. अठ्ठावीस वर्षं हात लावून सांगणारी बाई मी. स्वयंपाकघरातला काटा घेतला, माझा कोरडाठाक टॉवेल त्यावर ठेवला, आकडा लिहून धुतला, आणि मग माझ्या हाताने, माझ्या गालाने, अगदी ओठाने सुद्धा 'वाळला' म्हणून उचलला. चाळीस ग्रॅम जास्त. दुसरा धुतला, तोही तसाच. आज तिसरा पिळत होते. हे सोफ्यावरून म्हणाले, "वजनाच्या नादी दोघंही लागा."

तुम्हाला काटा बाजूला ठेवायला मी सांगितलं. तिथेच तुमचा महिना वाया गेला. माझं चुकलं. आमच्याकडे गरम हवेची यंत्रं होती, तिथे कपडा नीट वाळायचाच, आणि मला वाटायचं माझा हात शहाणा आहे.

आता रुमाल. खिडकीत नेला, उजेडात धरला. कडेला धागा नाही. ओढला, खरखर नाही. नाकाला लावला, कशाचाच वास नाही, आणि धुतलेल्या कपड्याला तोच वास असावा. निळाई थेट धाकटीची. मी यांना म्हटलं, पुन्हा फसवलं की काय. मग कोपऱ्यातला ठिपका बघितला. तिच्या चिमटीच्या दुप्पट रुंद, तुमच्या त्या जाड अंगठ्याचा. मला एवढा आनंद झाला की मी तो परत परत बघत बसले.

मुलाला जे लिहिलं त्यातलं तुम्हालाही कळवते. एक खोटं माप सापडलं, तेही लिहिलं. तुमची तशी आज्ञाच होती. त्याखाली लिहिलं की ते कसं आणि का झालं ते बाबांनाच विचार, आणि विचारताना खुर्चीवर बसून विचार, दारात उभं राहून नको. शेवटी लिहिलं, पास.

आमच्या धुलाईखान्यात तपासून झालेल्या चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक टाका घालायचो. तो असला की वॉर्डातल्या नर्सबाई डोळे मिटून चादर घ्यायच्या. तुमच्या रुमालावर त्या पांढऱ्या ठिपक्यापाशी मी तसा टाका घातला आहे. चष्मा लावूनही तीनदा दोरा ओवावा लागला. रुमाल परत पाठवते. तो खणात ठेवू नका, खिशात ठेवा.

वहिनी

*

२ सप्टेंबर

वहिनींना,
आता परत कंबर साथ देईल तितकं वाकून नमस्कार.

चिरंजीव रविवारी आले. भिजत आले, त्यामुळे आल्याआल्या टॉवेल लागला. मी दिला. त्यांनी तोंड पुसलं आणि मग बराच वेळ तोंड टॉवेलमध्येच ठेवलं. मला वाटलं पुन्हा धुवायला जातात की काय, पण तसं नव्हतं. टॉवेल बाजूला केला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, "बाबा, हा आईच्या वेळेसारखा आहे."

मग खुर्चीवर बसले आणि विचारलं. मी सगळं सांगितलं, मेणासकट. आम्ही तिच्याबद्दल इतकं कधी बोललो नव्हतो. तो मला एकटं राहू द्यायला घाबरत होता आणि मी त्याच्याकडे जायला घाबरत होतो, आणि दोघंही शर्टांवर भांडत होतो. गॅरेजवरच्या खोलीला रंग लागला आहे, फिकट पिवळा. तिथे आता सूनबाई कपडे वाळवणार आहे. मी तिला माझा एक जुना काटा दिला. तिने तो आनंदाने घेतला असं नाही, पण घेतला.

जाताना त्याचा शर्ट ओलाच होता, म्हणून माझा घालून गेला. दोनशे बारा ग्रॅमवाला. तेव्हा माझ्याकडे सध्या चार शर्ट आहेत.

खणातले बाकीचे अकरा रुमालही मी एकेक करून वापरायला काढतो आहे. पाच झाले. पहिले दोन खिशात घालून परत खणात ठेवले आणि पुन्हा काढले, तिसऱ्याला सर्दी होती त्यामुळे विचार करायला वेळच मिळाला नाही. आता धुतलेले पुन्हा त्याच खणात ठेवतो, तिचे खाली, माझे वर. काल घाईत वरखाली झाले. उजेडात धरून ठिपका बघितला तेव्हाच कळलं कोणता कुणाचा.

लाल टाका खिशात आहे. एक नियम मात्र तुम्हाला सांगायचा राहिला. आमच्या खात्यात एकदा शिक्का मारला म्हणून काम संपत नाही. दरवर्षी निरीक्षकाने स्वतः येऊन फेरतपासणी करावी लागते, पोस्टाने चालत नाही. दादाला घेऊन या. आगाऊ कळवू नका. टॉवेल तयार आहेत, दोन्ही काट्यावर घालून ठेवले आहेत.

तुमचा,
दीर